तांदूळ कोण निवडतं?

मावळात एकही आंधळा माणूस नाही, ही आनंदाची बातमी पुण्याला मीच कळवली. स्वच्छ अक्षरात, खाली सही ठोकून. इतकी चुकीची गोष्ट इतक्या सुवाच्य अक्षरात आजवर कुणी कळवली नसेल. पण त्यात माझा काडीचाही दोष नव्हता. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढलेल्या माणसाला दोष नसताना ठपका खायची सवय असते, म्हणून मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. आता मात्र लोणावळ्यात, आणि विशेषतः आमच्याच घरात, या प्रकरणाची जी तिखटमीठ लावलेली हकीकत सांगितली जाते ती ऐकून, खरं काय ते एकदा लिहून ठेवावं असं वाटू लागलं आहे.

सुरुवात दुधापासून झाली. शिळवाडीची मुक्तामावशी आमच्याकडे दुधाचा रतीब घालायची. शिळवाडी म्हणजे लोणावळ्याहून कार्ल्याकडे जाताना लाइनीपलीकडे भातखाचरांत दडलेलं लहानसं गाव. तिथून रोज सकाळी झुंबरबाई नावाची दुसरी दूधवाली पुढे आणि मुक्तामावशी तिच्या मागे, अशी जोडी यायची. झुंबरबाईच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या. मावशी त्या आवाजामागून चालते हे आम्हाला फार उशिरा कळलं.

एके दिवशी सौ. मला हळूच म्हणाली, "मावशी दूध ओतताना भांड्यात बोट धरते, पाहिलंत का?" मी म्हणालो, हे आरोग्याच्या दृष्टीने बरोबर नाही, मी तिला समज देतो. त्यावर सौ.ने कपाळाला हात लावला. म्हणाली, भांडं कुठवर भरलं ते बोटाला कळतं, म्हणून ती तसं करते. तिला दिसत नाही.

मला हे पटलं नाही. माझी नजर लहानपणापासून तीक्ष्ण आहे. आज पेन्शनीत गेल्यावरही मी चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचतो. फक्त ते जरा लांब धरावं लागतं, कारण हल्लीचे छापखानेवाले कागद वाचवायला अक्षर फार बारीक करतात. तर अशा नजरेच्या माणसाच्या डोळ्यांदेखत रोज एक बाई न दिसता दूध घालते आणि त्याला पत्ता लागत नाही, हे कसं शक्य आहे? म्हणून खात्री करायला दुसऱ्या दिवशी मी ओसरीच्या एका टोकाला मुद्दाम गप्प उभा राहिलो. मावशी आली, दुसऱ्या टोकाला खुंटीवर माझा कोट टांगला होता त्याला तिने "रामराम भाऊ" केलं, त्याच्या प्रकृतीची चौकशी केली आणि दूध घालून गेली. कोटाने काही उत्तर दिलं नाही याचं तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. माझा स्वभाव मितभाषी आहे.

पुढच्याच आठवड्यात झुंबरबाई तापाने पडली आणि मावशी एकटी निघाली. लाइन ओलांडताना फाटकवाल्याने तिला दंडाला धरून मागे ओढली तेव्हा मालगाडी तिच्या पदराला वारा घालत गेली. दुधाची चरवी मात्र गेली. मावशी आमच्या दारात रिकाम्या हाताने आली आणि दूध सांडलं म्हणून माफी मागू लागली. सौ.ने तिला बसवलं, पाणी दिलं, आणि पुण्याच्या इस्पितळात जाऊन मोतीबिंदू काढून घे म्हणून परोपरीने सांगितलं. मावशीने मान हलवली. पुण्याच्या इस्पितळात गेलेलं माणूस पायांनी परत येत नाही, असा तिच्या गावाचा पक्का समज होता. शिवाय म्हशीला दुसऱ्याचा हात चालत नव्हता. "हितं कुनी डागदर आला तर बगू," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी सौ. दिवसभर माझ्याशी नीट बोलली नाही, जणू मालगाडी मी सोडली होती.

आणि मावशीच्या नशिबाने नेमकी तेव्हाच वर्तमानपत्रात पुण्याच्या एका विकलांग साहाय्यक मंडळाची सूचना आली. मंडळाचे एक नेत्रवैद्य, हत्यारं आणि नर्सा घेऊन, फुकट शस्त्रक्रिया करायला माघात एखाद्या तालुक्यात जाणार होते. कुठे जायचं ते आंधळ्या माणसांची संख्या पाहून ठरणार होतं. गावोगाव फिरून मोजणी करण्यासाठी मंडळाला जागोजागचे प्रतिष्ठित, निरोगी व चौकस गृहस्थ हवे होते. मी तीनही शब्द सौ.ला मोठ्याने वाचून दाखवले आणि त्याच टपालाने अर्ज केला.

पुण्याहून छापील तक्ते आले. सोबत सूचना होती, की प्रश्न जसा छापला आहे तसाच, एकही शब्द न बदलता, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारावा. मी नियमाचा माणूस. कोट चढवला, फेटा बांधला आणि पहिला मान मुक्तामावशीच्या घराला द्यावा म्हणून थेट शिळवाडी गाठली.

तिथे पोचलो तर काय, पडवीत घोंगड्या अंथरलेल्या, पाच-सहा पाहुणे फेटे बांधून बसलेले, आणि मावशीचा मुलगा कोंडाजी स्वतः चहाच्या बशा फिरवतोय. माझ्या मोजणीला गावाने एवढं महत्त्व दिलेलं पाहून मला भरून आलं. पाहुण्यांनी सरकून जागा दिली. मी बसलो नाही, कारण उभ्याने आवाज चांगला लागतो. तक्ता लांब धरून मी खणखणीत आवाजात विचारलं, "या कुटुंबात कोणी आंधळे, बहिरे, मुके, पांगळे, महारोगी अथवा वेडे इसम आहेत काय?"

एका पाहुण्याने तोंडाजवळ नेलेली बशी परत खाली ठेवली. ते मोजणीला आलेले नसून कोंडाजीच्या मुलीला, कस्तुराला, बघायला आले आहेत, हे मला पुढे लाइनीपर्यंत पोचवायला आलेल्या माणसाने सांगितलं. कोंडाजी उठून उभा राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. म्हणाला, "न्हाई. आमच्यात कोनी आंदळं न्हाई."

मी म्हणालो, "अरे पण मावशी—"

तेवढ्यात चुलीपाशी बसून भाकरी थापणाऱ्या मावशीनेच आतून मला अडवलं. "भाऊ, आंदळं म्हंजी ज्याच्या हातात दुसऱ्यानं भाकर द्यावी लागती ते. हितं मी समद्यांना थापून घालतीया. मी कशी आंदळी?" आणि खरोखरच तिने थापलेली भाकरी तव्यावर अगदी गोल आणि बिनचूक टाकली. मी तक्त्यावर निरंक लिहिलं.

बाकीच्या घरांतही तोच प्रकार. सोपान नावाच्या एका माणसाचे दोन्ही पाय लुळे होते. रोज सकाळी भाऊ त्याला पाठुंगळी घेऊन खाचरात माचणावर बसवायचा आणि तो गोफणीने पाखरं हाकायचा. तो पांगळा नव्हता. तो राखणीला होता. अंबाजी पाटलांना कानात ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नसे. मी त्यांच्या घरच्यांना विचारलं, तर ते म्हणाले, गावचा पाटील बहिरा कसा असेल? मी स्वतः पाटलांना प्रश्न विचारला, तो त्यांना ऐकू आला नाही, आणि त्यांनी मान हलवून नाही असं सांगितलं. शिळवाडी झाली, मग आसपासच्या वाड्या झाल्या. ज्याचं गावात काही ना काही काम आहे तो आंधळा नाही, पांगळा नाही, बहिरा नाही. आणि मावळात बिनकामाचं माणूस कुठून आणायचं? सगळे तक्ते निरंक भरून मी पुण्याला पाठवून दिले.

उलट टपाली मंडळाच्या चिटणिसांचं पत्र आलं. मावळच्या हवापाण्याचा हा गुण वाचून मंडळास परम संतोष झाला असून शिबिर अर्थातच दुसऱ्या तालुक्यात घेण्याचा विचार आहे, असं त्यात होतं. मी ते पत्र सौ.ला वाचून दाखवलं. ती तेव्हा कोरा चहा गाळत होती, कारण कोंडाजीने आमचं दूध बंद केलं होतं. पाहुणे चहा तसाच टाकून उठून गेले होते आणि त्याचं खापर माझ्या खणखणीत आवाजावर फुटलं होतं. "संतोष झाला ना?" सौ. म्हणाली. "आता त्या बाईने पुन्हा एकटीने लाइन ओलांडायची."

मला हे लागलं. मी मंडळाला लिहिलं, की मोजणीत किंचित फेर संभवतो, तरी निर्णय थांबवावा. आणि फेर कसा करावा याचा विचार करत ओसरीवर बसलो. ओसरीवर विचार करत बसणं लोणावळ्यात धोक्याचं असतं, कारण येणारा-जाणारा त्यात भाग घेतो.

पहिले आले शेजारचे लेले. हे शाळाखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी तक्ता वाचून नाक मुरडलं. आंधळा, पांगळा हे शब्द ग्राम्य आहेत, माणूस दुखावतो, म्हणून तो कबूल करत नाही, असं त्यांचं निदान. त्यांनी स्वतःच्या हाताने प्रश्न लिहून दिला: कुटुंबातील कोणाच्या नेत्रेंद्रियाच्या कार्यशक्तीत न्यूनता आढळते काय? वाचून मी दिपलो. दुसऱ्या दिवशी एका वाडीत तो विचारला. घरधन्याने शांतपणे ऐकून घेतलं, बायकोशी विचारविनिमय केला आणि मला सांगितलं, की ते आमच्याकडं पिकत न्हाई, आमच्याकडं निस्ता भातच व्हतो. पवना नदीच्या अंगाला बगा. मी लेल्यांना एवढंच कळवलं, की प्रश्न फार सुंदर होता.

मग समोरचे नसीरभाई आले. नसीरभाईंचं शिवणकामाचं दुकान आमच्या दारासमोर, त्यामुळे आमचा संसार त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, भाऊसाहेब, माणूस कमीपणा कशाला सांगेल? त्याला काही मिळणार असेल तर सांगेल. सरळ विचारा, कुणाला काही त्रास आहे का, पुण्याचा डॉक्टर फुकट औषध देणार आहे. मला हे व्यवहाराला धरून वाटलं. नियमाप्रमाणे शब्द बदलायचे नव्हते, पण एकदा लेल्यांनी बदलले होतेच.

त्या दिवशी शिळवाडीत मी हा प्रश्न चावडीपुढे एकदाच विचारला. दुसऱ्यांदा विचारायची पाळी आली नाही. जे गाव परवापर्यंत ठणठणीत होतं ते माझ्या डोळ्यांदेखत आजारी पडलं. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाच्या पोटात गोळा, कुणाला जेवल्यावर झोप येते. रतनबाई म्हणून एक होत्या, त्यांनी जावयाचा त्रास लिहून घ्यायला लावला. एकाने म्हैसच आणली, तिला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं; आणि खरं सांगायचं तर त्या दिवसभरात डोळ्याची तेवढी एकच तक्रार मला खरी वाटली. बातमी माझ्यापुढे धावत गेली. कार्ल्याला पोचेपर्यंत रस्त्याकडेला माणसं लंगडत उभी होती. आश्चर्य म्हणजे मुक्तामावशी यातही आली नाही. तिला त्रास काहीच नव्हता. पंधरा वर्षं ज्याची सवय झाली त्याला ती त्रास कशाला म्हणेल?

नवे तक्ते पुण्याला गेले. चिटणिसांचं पत्र या वेळी छोटं होतं. मावळात मध्यंतरी भूकंप झाल्याचे मंडळाच्या वाचनात नाही, तरी एका महिन्यात समस्त प्रजा विकल कशी झाली याचा खुलासा व्हावा, आणि म्हैस कोणत्या रकान्यात धरावी तेही कळवावे. शेवटी एक ओळ होती, की मोजणीसाठी अधिक जबाबदार गृहस्थाचा शोध घेण्यात येत आहे.

माझ्या आयुष्यात मला कुणी बेजबाबदार म्हटलं नव्हतं. पार्सल ऑफिसात असताना एकदा जिवंत कोंबड्यांची करंडी माझ्या हातून सोलापूरऐवजी सुरतेला गेली, तेव्हाही साहेबांनी फक्त "दुर्दैवी" एवढाच शब्द वापरला होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एक तर ते पत्र आणि दुसरं म्हणजे भातात खडे. हल्ली आमच्या जेवणात सारखे खडे लागतात. मी पेन्शनीत गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सौ.ने माझ्यापुढे सूप सरकवलं आणि म्हणाली, बसल्याबसल्या तांदूळ तरी निवडा. तेव्हापासून ते काम मी मन लावून करतो. पण मी कितीही काळजीपूर्वक निवडले तरी वाणी असे हुशार, की खडे लागतातच. मी दोन वाणी बदलले. आता तिसऱ्याच्या प्रामाणिकपणावरही माझा भरवसा उरलेला नाही.

शेवटी मी ठरवलं, की मोजणी गेली खड्ड्यात, निदान कोंडाजीची माफी मागून यावी. त्याच्या मुलीचं ठरता ठरता मोडलं होतं आणि आपल्यामुळे कुणाच्या पोरीचं मोडावं हे मला खरोखर सहन होत नव्हतं. गेलो तर उन्हं डोक्यावर आलेली. मावळात दुपारी दारात आलेल्या माणसाला, तो वैरी असला तरी, जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. कोंडाजीने माझ्याकडे न बघता पाट मांडला. त्याची बायको बयाबाई हिने वाढलं. घरच्या आंबेमोहोराचा भात, वर आमटी. मी पहिला घास घेतला आणि कचकन खडा लागला.

माझं तोंड वाकडं झालेलं बयाबाईने पाहिलं आणि ती बिचारी ओशाळली. म्हणाली, "भाऊ, राग मानू नगा. आदी आत्याबाईच निवडायच्या, तवा खडा म्हून यायचा न्हाई. लई वर्सं झाली, आता मीच निवडते. आज मी खाचरात गेलते, म्हून त्यांनी निवडलं."

मी दुसरा घास तसाच हातात धरून बसलो. एवढे दिवस मी ज्याच्यासाठी वणवण करत होतो, ते या बाईने मला भातात वाढलं होतं. आंधळं कोण, हे विचारलं की गाव अंगावर येतं. त्रास कुणाला, हे विचारलं की गाव अंगावर पडतं. पण तांदूळ कोण निवडतं, हे विचारायला कुणाची भीती? त्यात अपमान नाही, औषध नाही, पाहुण्यांसमोरही विचारता येतं. ज्या घरात सासू असून सून निवडते, तिथे दुसरा प्रश्न विचारायचा, की सासूबाईंनी कधीपासून सोडलं आणि का. मावळात तांदळाशिवाय घर नाही आणि खड्याशिवाय तांदूळ नाही. मला माझ्या बुद्धीचं कौतुक वाटलं, आणि ते मी कोंडाजीला बोलूनही दाखवलं. त्याने आणखी भात वाढायला सांगितलं.

त्यानंतर मी सगळ्या वाड्या पुन्हा फिरलो, या वेळी फेटा न बांधता. ओट्यावर टेकायचं, पाणी मागायचं, आणि बोलता बोलता तांदळावर यायचं. पायांसाठी विचारायचं, एकवीरेच्या डोंगरावर शेवटचं कधी जाऊन आलात. कानांसाठी काही विचारायचंच नाही, पाठमोरं असताना हाक मारायची. बाया भडाभडा सांगू लागल्या. कुणी म्हणे, आत्यांना तांदूळ नि खडा एकच दिसतो. कुणी म्हणे, आमचा म्हातारा दिवा लावल्यावर घरातल्या घरात चाचपडतो. ओढ्यापलीकडच्या एका मोठ्या घरात तर मला ओळखीचे फेटे दिसले. कस्तुराला बघायला आलेले पाहुणे ते हेच. मी दारातूनच परत फिरणार होतो, पण प्रश्न तर बिनधोक होता, म्हणून विचारला. मुलाची आई सहज म्हणून गेली, की तांदूळ मीच निवडते, सासूबाईंना चार वर्षं दिसत नाही. मुलाच्या बापाने घसा खाकरला आणि तो माझ्यासाठी चहा सांगायला उठला.

खऱ्या, पिकलेल्या मोतीबिंदूंची नावं घेऊन मी पुण्याला लिहिलं. उत्तर आलं, की मंडळाच्या तक्त्यात तांदळाचा रकाना नाही. छापील प्रश्नाला मिळालेलं उत्तरच ग्राह्य धरलं जातं. मी लिहिलं, की मग प्रत्यक्ष येऊन छापील प्रश्न विचारा. मला वाटतं, माझ्या पत्राचा सूर जरा चढा लागला असावा, कारण चिटणीस खरोखरच आले.

ते बारीक चणीचे, अतिशय व्यवस्थित गृहस्थ होते. स्टेशनवरून ते आमच्याकडे जेवायला आले. सौ.ने साधाच पण सुंदर बेत केला होता. दुर्दैवाने तिसऱ्या वाण्यानेही दगा दिला आणि चिटणिसांच्या दाढेखाली असा खडा आला, की त्यांना उरलेलं जेवण एकाच बाजूने करावं लागलं. मी वाण्याबद्दल दोन शब्द सुनावले. सौ.ने चिटणिसांना आणखी आमटी वाढली.

शिळवाडीत ते थेट कोंडाजीच्या घरी आले आणि छापील प्रश्न छापल्यासारखाच विचारला. कोंडाजी म्हणाला, न्हाई, आमच्यात कोनी आंदळं न्हाई. चिटणिसांनी माझ्याकडे बघून हात झटकले आणि निरंक लिहायला पेन उघडलं. ते एकदा लिहिलं की शिबिर गेलं आणि मावशीचे डोळे गेले, हे मला कळत होतं. मग मी बयाबाईकडे वळून कसंबसं म्हणालो, "वहिनी, तांदूळ कोण निवडतं?"

"मी," ती म्हणाली, आणि तिने सासूकडे पाहिलं. कोंडाजीने मान खाली घातली. पुढे विचारायचं मलाही धाडस होईना.

मावशी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती हात लांब करून पडवीत आली. "ल्येका, लपवून झालं आता," ती कोंडाजीला म्हणाली. मग आवाजाच्या अंदाजाने चिटणिसांकडे तोंड केलं. "सायेब, मी आंदळी न्हाई. पर मला दिसत न्हाई. कुनाच्या डोक्यावर अक्षता टाकतीया ते नातीच्या लग्नात मला बगायचंय. काय लिवायचं ते तुमी लिवा."

चिटणीस तक्त्याच्या रकान्यांवरून पेन फिरवत गेले. तिने सांगितलेलं मावेल असा रकाना त्यात नव्हता. शेवटी त्यांनी तक्ता उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला मुक्ताबाई असं नाव घातलं, आणि बयाबाईला विचारलं, की या वाडीत आणखी कोणाच्या घरी सुना तांदूळ निवडतात.

माघात लोणावळ्याच्या धर्मशाळेत शिबिर झालं. डोळ्यांना पट्ट्या बांधून म्हाताऱ्या ओळीने निजल्या होत्या, आणि व्यवस्थापक या नात्याने मी त्यांच्यामधून फिरत होतो. मावशीच्या शेजारी कोण, तर मुलाची ती आजी. दोघींनी एकमेकींना न बघताच सगळं बोलणं केलं आणि पट्ट्या सुटायच्या आत लग्न ठरवून टाकलं. दोन्ही घरांनी एकच गोष्ट लपवलेली निघाल्यावर कोण कुणाला नावं ठेवणार? वैशाखात लग्न झालं. जाड भिंगांचा चष्मा लावून मावशी अगदी पुढे उभी होती आणि प्रत्येक अक्षता नेम धरून टाकत होती. मला एका क्षणी पुढचं काही दिसेना. ते धुरामुळे झालं.

लग्नानंतर मावशी पुन्हा रतीब घालायला लागली. आता ती पुढे चालते आणि झुंबरबाई मागे. कोटाला रामराम करत नाही. पहिल्याच दिवशी तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि भाऊ आवाजावरून तरणे वाटायचे, एवढंच म्हणाली. दूधही ती आता डोळ्याने बघून, खुणेला बरोबर थांबवते. पूर्वी बोट भिजेपर्यंत ओतायची, तेव्हा आमच्या वाट्याला बरंच जास्त यायचं. लोककार्यात माणसाला झीज सोसावी लागते ती अशी.

परवाची गोष्ट. मी ओसरीवर तांदूळ निवडून, सूप बाजूला ठेवून, लांब धरून वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. मावशी दूध घालून टेकली. तिचं लक्ष सुपाकडे गेलं. तिने ते जवळ ओढलं, चष्मा सारखा केला आणि एक खडा उचलून ओट्यावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. सौ. दारात येऊन उभी राहिली. ओट्यावर खड्यांची रांग वाढत होती आणि तिन्ही वाणी माझ्या डोळ्यांपुढून एकामागून एक निर्दोष सुटून चालले होते.

"भाऊ," मावशीने मान वर न करता विचारलं, "तुमच्यात तांदूळ कोन निवडतं?"

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्राची घडी घातली, पाठ ताठ केली, आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आमच्यात कोणी आंधळं नाही."

"व्हय की," मावशी म्हणाली. "आमच्यात बी न्हवतं." आणि तिने पुढचा खडा उचलला.